अक्षदाचं फोल्डर

सिडको, औरंगाबाद
९ फेब्रुवारी २०१६

चि. अक्षदा,

अनेक आशीर्वाद.

आधी मायन्याचा खुलासा करते. लग्नाआधी मुलगी 'चि. सौ. कां.', लग्नानंतर 'सौ.', आणि कोर्टाचा शिक्का पडल्यावर काय लिहायचं, याची सोय आपल्या थोर पूर्वजांनी करून ठेवलेली नाही. मी नुसतं 'चि.' लिहिते. 'चि.'ला घटस्फोट होत नाही.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू "मी बरी आहे" म्हणतेस आणि तिथंच संपतं. पत्रात खोटं लिहायला हात दुखतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या माजी नवऱ्यानं, म्हणजे माझ्या आजी मुलानं, पुण्याहून मला नवा लॅपटॉप पाठवला आहे. कुरिअरनं. स्वतः आला नाही. खोक्यावर 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असं लिहिलेलं होतं. सत्यमला एवढं कळतं याचं मला कौतुक वाटलं. बायकोवर तसं लिहिलेलं नसतं, म्हणून घोटाळा झाला असावा.

मग फोन करून हुकूम केला की जुना कॉम्प्युटर देऊन टाक, दुकानदार बदल्यात काहीतरी देतो. तो जुना म्हणजे तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी घेतलेला, जाळीचा रुमाल पांघरून कोपऱ्यात बसलेला. मान्य आहे, तो आता दमला आहे. बटण दाबून मी कुकर लावते. वरण शिजेपर्यंत तो डोळे उघडतो. पण दमलेल्याला घराबाहेर काढायचं असेल तर उद्या माझीही पाळी आहे.

त्याच्यात तीन फोल्डर आहेत. एक 'सत्यम', त्यातलं मला काही नको असं तो म्हणाला. दुसरं 'तक्रारी', ते माझं, आणि ते औरंगाबादच्या इतिहासाचं साधन आहे. तिसरं 'अक्षदा'. त्यात तुझे फोटो आणि मी टाइप केलेला तुझा प्रबंध. त्याचं काय करायचं हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तूच सांग. नव्यात हलवू, की तुला पाठवू?

पाणी तिसऱ्या दिवशी येतं. जायकवाडी तळाला गेलं आहे. भामाबाई भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसते आणि म्हणते, बाई, आता आपण दोघी सारख्या झालो. कळव.

सत्यभामा
(खाली 'सासू' लिहायला आता कायदा आड येतो.)


लातूर
२० फेब्रुवारी २०१६

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. जिन्यातच उभी राहून वाचलं. घरमालकीण विचारायला लागल्या की एवढं हसायला काय झालं.

इथं पाण्याचं विचारू नका. मालकीणबाईंनी टाकीला कुलूप लावलंय आणि किल्ली गळ्यात मंगळसूत्रासोबत आहे. टँकर आला की वर्गातली निम्मी मुलं उठून जातात. मी हजेरी मांडत नाही. कॉलेजात मी तासांवर शिकवते, तर मलाही कोण विचारतंय.

फोल्डरची घाई नाही. ठेवलंत तरी चालेल, पुसलंत तरी चालेल. फक्त त्यात आजीचा एक फोटो आहे, मेंढ्यांच्या कळपात पदर खोचून उभी आहे तो. तेवढा मिळाला तर बरं वाटेल.

तुम्ही स्वतः फायली हलवणार असाल तर एक लक्षात ठेवा. पडद्यावरची लहान चित्रं ओढून पेनड्राइव्हमध्ये टाकू नका. ती नुसती दारावरची पाटी असते. पाटी निघून येते आणि घर आतच राहतं. फोल्डर उघडून आतली फाइल उचला.

गुडघ्याला तेल लावता का?

अक्षदा


औरंगाबाद
६ मार्च २०१६

चि. अक्षदा,

आशीर्वाद.

तुझ्या पत्राला डोकं नाही. थेट 'सप्रेम नमस्कार'. पोस्टमनलाही कोणी एवढ्या अंतरावरून हाक मारत नाही. असो.

'पुसलंत तरी चालेल' हे वाक्य मी परत परत वाचलं आणि दर वेळी माझा रक्तदाब वाढला. पुसायला ती पाटीवरची बेरीज आहे का? तू उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायचीस आणि दुपारी मी टाइप करायची. पैठण तालुक्यातल्या मेंढपाळ बायका दुष्काळात कुठून कुठं जातात, कुठं मुक्काम टाकतात, कोणत्या गावात पाणी मिळतं आणि कोणत्या गावात शिव्या, हे सगळं माझ्या बोटांतून गेलेलं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांनी मला दहा वर्षं मराठी बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं, आणि नोकरीत सरकारनं सांगितलं की मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हा, नाहीतर पगारवाढ बंद. संतापानं पहिली आले. ती विद्या कोणाच्या कामी आली असेल तर तुझ्या.

आणि एक गोष्ट तू विसरली आहेस. टाइप झालेला मसुदा मी फाडते. ऑफिसातली सवय. मसुदा ठेवला की दोन कागद खरे होतात आणि भांडणं लागतात. तुझे सगळे पाठकोरे कागद मी फाडून भामाबाईच्या चुलीला दिले. म्हणजे फोल्डरमध्ये आहे तेवढंच आहे. अर्धा प्रबंध तुझ्या आक्काबाई आजीच्या बोलण्यावर उभा आहे, आणि त्या आता नाहीत. परत कोणाला विचारणार?

काम झालेलं आहे. दुकानातला माणूस घरी आला, तारा जोडल्या आणि तासाभरानं म्हणाला, "सगळा डेटा आला, मावशी." मी त्याच्याकडून तिन्ही फोल्डर मोजून घेतले. तुझं फोल्डर पेनड्राइव्हमध्ये घालून रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. जुन्या डब्याची फार धूळ होती, त्याबद्दल विचारू नकोस.

गुडघा आहे तिथंच आहे.

सत्यभामा


लातूर
२१ मार्च २०१६

सप्रेम नमस्कार.

पेनड्राइव्ह मिळाला. आजीचा फोटो लगेच उघडला. तिच्या हातातली काठी अर्धी कापली गेली आहे हे मी विसरले होते. फोटो तुम्हीच काढला होता आणि आजी म्हणाली होती, काठी नाय आली तर मेंढरं कशी वळवू? तो मोबाइलवर घेतला आहे, रोज बघते.

प्रबंध मात्र उघडत नाही. म्हणजे उघडतो, पण पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं दिसतात आणि एकही शब्द इंग्रजी नाही. मधेच कंस, मधेच स्वल्पविराम. मराठी फॉन्ट इथं नाही म्हणून तसं होतं. कॉलेजच्या संगणक विभागात दाखवलं. त्यांनी त्याच नावाचा फॉन्ट शोधून घातला तर निम्मी अक्षरं भलतीच आली. आपला फॉन्ट त्या दुकानदारानं स्वतःच्या सीडीवरून घालून दिला होता, आठवतं? चौकशी केली तर त्यानं दुकान कधीच बंद केलं आणि आता तो बिडकीनकडं प्लॉट पाडून विकतो. सीडी कुठंय, त्याला माहीत नाही.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट असेल. तिथून उचलता येतो. पण तुम्ही त्रास घेऊ नका. खरं सांगू? पडदा बघून मला रडू येईल असं वाटलं होतं. उलट सुटल्यासारखं वाटलं. तो प्रबंध त्या घरात लिहिलेला होता. घर सुटलं, तो तिथंच राहिला तर काय बिघडलं?

डोक्याबद्दल म्हणालात. पूर्वी जे लिहायची ते लिहायला जाते आणि हात थांबतो. हक्क सांगितल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचत नाही. म्हणून मोकळं ठेवते. राग मानू नका.

अक्षदा


औरंगाबाद
३ एप्रिल २०१६

चि. अक्षदा,

आशीर्वाद.

जुना कॉम्प्युटर नाही.

लपवून काय उपयोग. त्याच दिवशी तो माणूस त्याला रिक्षात घालून घेऊन गेला. मला वाटलं सगळं आलेलं आहे, मग रिकामा डबा ठेवून काय करायचं. मसुदा झाला, फाडून टाका. तुझं पत्र आलं तशी दुकानात गेले. आतलं सगळं पुसून डबा भंगारात गेला होता. मी तिथं जे बोलले ते इथं लिहीत नाही, कारण ते मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले नाही. बाहेर आले तर उन्हात पायऱ्या दिसेनात. रागामुळं नव्हे.

घरी येऊन माझं 'तक्रारी' फोल्डर उघडलं. तेही तसंच. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दलची माझी सात पानी तक्रार आता जर्मन लष्कराच्या सांकेतिक तारेसारखी दिसते.

आणि मग आठवलं. पंधरवड्यापूर्वी मी पाण्याच्या टाकीबद्दलचा जुना अर्ज, तारीख हातानं बदलायची म्हणून, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं छापायला दिला होता. चष्मा घरी राहिलेला. त्यानं छापला, घडी घातली, मी पाकिटात घालून सोसायटीच्या ऑफिसात दिला. आपले सेक्रेटरी कडुबा तुला माहीत आहेत. त्यांचं लेखी उत्तर आलेलं आहे. 'आपल्या अर्जातील सर्व मुद्दे काळजीपूर्वक वाचले. ते रास्त आहेत. योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.'

अक्षदा, त्या अर्जात एकही शब्द कुठल्याही भाषेतला नव्हता.

इतकी वर्षं मी व्याकरण तपासून, कलमं घालून त्यांना मराठीत लिहिलं तेव्हा उत्तर आलं नाही. या अर्जावर तिसऱ्या दिवशी टाकी धुतली गेली. भामाबाई म्हणते, तसंच लिवत जावा, बाई.

हसून घे. पण मला हसू येत नाही. तुझं गेलं ते माझ्या हातून गेलं.

आणि हक्काचं म्हणशील तर तू या घरात आलीस त्या दिवशी माझी पोळपाटाची जागा बदललीस. तेव्हा हात थांबला नव्हता.

सत्यभामा


लातूर
१८ एप्रिल २०१६

सप्रेम नमस्कार.

कडुबा काकांचं उत्तर मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, आपल्या प्राध्यापक भरतीचे अर्जही असेच वाचले जात असावेत.

तुमच्या हातून काही गेलं नाही. मीच वेळेवर न्यायला हवं होतं. तुम्ही उन्हात दुकानात गेलात हे वाचून मात्र वाईट वाटलं. आता ते सोडून द्या.

लातूरला पाण्याची रेल्वे आली. तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मीही स्टेशनवर गेले होते. लोक डब्यांना हात लावून बघत होते, आत खरंच पाणी आहे का म्हणून. आजी असती तर म्हणाली असती, पाणी मानसाकडं आलं का? आमी तर जलमभर पाण्याकडं गेलो.

प्रबंध मी सोडलेला नाही. सध्या बाजूला ठेवलाय इतकंच. मुदत भरपूर आहे.

तेल लावता का, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

अक्षदा


औरंगाबाद
१० मे २०१६

चि. अक्षदा,

मुदत भरपूर आहे?

काल दुपारी तुझे वडील आले होते. केरबा एसटीनं आले, खांद्यावर माझ्यासाठी घोंगडं. एवढ्या उन्हात घोंगडं आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. खुर्चीवर बसेनात, मी बसवलं. बिडकीनकडच्या नव्या कुंपणांचं सांगत होते, की वडिलांपासून चालत आलेली वाट आता तारेच्या आत गेली आणि मेंढरं तारेला नाक लावून उभी राहतात. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "इहीनबाई, तिला दोन शब्द सुनवा. माझं ऐकत नाय. मॅडमला लिवून दिलं म्हनं, आता शिकत नाय."

फेब्रुवारीतच. म्हणजे मी फोल्डरचं विचारत होते तेव्हा तू तुझ्या मार्गदर्शक बाईंना प्रबंध सोडल्याचं पत्र देऊन मोकळी झाली होतीस. आणि नोंदणी जुलैअखेर संपते, हेही मला एका मेंढपाळाकडून कळावं. तुझ्या पत्रात हात दुखला नाही का?

रागाच्या भरात मी त्यांनाही म्हटलं, मी आता कुठली विहीण? मला काय अधिकार? ते शांतपणे म्हणाले, "कागदावर तुटलं आसंल. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी कानाची खूण तीच ऱ्हाती."

यावर मी उठून चहा टाकला. वाद अर्धा सोडून, याची नोंद घे.

मग त्यांनी खरं काम काढलं. "माझ्या आईचं बोलनं त्यात हाय म्हनं. जरा वाचून दावा." त्यांना आक्काबाईंचे शब्द ऐकायचे होते. मी लॅपटॉप उघडला आणि तो इंग्रजी केर दाखवला. म्हटलं, हे बघा, आता असं दिसतं, वाचता येत नाही. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "मला समदीच अक्षरं अशी दिसत्यात. तुमाला येत आसंल."

काय सांगू, मला त्या माणसासमोर फार लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी पडद्यावर बघत बसले. एक शब्द प्रत्येक पानावर होता. vkDdkckbZ. इंग्रजी म्हणून वाचायला गेले तर सिस्टर थडग्यात कूस बदलतील. पण माझी बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली. v मारला, k मारला. अक्षदा, v वर अ असतो आणि k वर काना. अ ला काना, आ. शेवटी bZ, म्हणजे इ मारून वर रफार दिला की ई. टाइपरायटरवर ई अशीच काढायची. मधलं बोटांनीच सांगितलं. आक्काबाई.

तो केर नाहीच. फॉन्ट गेला म्हणून मराठीचा मुखवटा उतरला आणि मी मारलेल्या कळा जशाच्या तशा उरल्या. डोळ्यांना वाचता येत नाही, बोटांना येतं. मी टेबलावर बोटं वाजवत तुझ्या वडिलांना पहिलं वाक्य वाचून दाखवलं. एका वाक्याला चहा थंड होईल इतका वेळ लागला. "दुस्काळ आदी पायाला कळतो, मंग पोटाला."

केरबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तीच हाय."

तेव्हा आता ऐक. मी बसते आहे. या नव्या यंत्रावर मराठी टाइप करायचं म्हणजे इंग्रजीत उच्चार लिहायचा आणि ते आपल्याला देवनागरी देतं. म्हणजे जुन्या कळांनी वाचायचं आणि नव्या कळांनी लिहायचं. डोकं दोन्हीकडून चिरडतं, पण निवृत्त माणसाचं डोकं दुसऱ्या कुठल्या कामाचं असतं? तुझं काम एवढंच की मार्गदर्शक बाईंकडं जा आणि ते पत्र परत घे. नाही घेतलंस तरी मी टाइप करणारच आहे. ते फक्त तुझं नाही. केरबांना उरलेलं ऐकायचं आहे.

सत्यभामा


लातूर
२४ मे २०१६

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी एसटी धरून औरंगाबादला आले. हो, आले होते, आणि तुमच्याकडं आले नाही. विद्यापीठातून परस्पर परत फिरले. धीर झाला नाही. रागवा.

मॅडमनी कपाट उघडलं आणि माझं पत्र काढून माझ्यापुढं टाकलं. त्यांनी ते पुढं पाठवलंच नव्हतं. म्हणाल्या, "नवरा सोडलास म्हणून विषयही सोडावा लागतो असा नियम मला तरी सापडला नाही." तुम्हाला त्या आवडतील. जुलैअखेर प्रबंध टेबलावर हवा, एवढंच म्हणाल्या.

मी का सोडला, ते तुम्हाला आता सांगते. प्रत्येक प्रकरणाला त्या हॉलचा वास आहे. मी लिहितेय, तुम्ही टाइप करताय, मधेच तुम्ही विचारताय की 'वाघूर' म्हणजे नदी की मेंढ्यांचं जाळं, आणि सत्यम चहा घेऊन येतोय. तो तेव्हा वाईट नव्हता. त्यामुळंच ते उघडवत नव्हतं.

आता तुम्ही टाइप केलेलं दुसरं प्रकरण आलं. छापून उशाशी ठेवलं. शेवटचं प्रकरण मी नव्यानं लिहितेय, नव्या कुंपणांचं. बाबा फोनवर एकेक वाट सांगतात आणि ती आता कुणाच्या प्लॉटमध्ये गेली तेही.

एक विचारायचं होतं. ऋणनिर्देशात तुमच्याबद्दल लिहायचंय. काय म्हणून लिहू?

अक्षदा


औरंगाबाद
१२ जुलै २०१६

चि. अक्षदा,

आशीर्वाद.

संपला. शेवटचं पान काल सकाळी. पेनड्राइव्ह सोबत आहे, आणि या वेळी मसुदा फाडलेला नाही. वयाच्या या टप्प्यावर मी सवय बदलली, इतिहासात नोंद व्हावी.

मधल्या काळात काय काय झालं ते थोडक्यात. पाऊस बरा सुरू झाला आहे. भामाबाई दोन घागरी उगीचच भरून ठेवते, तिचा विश्वास नाही. केरबा महिन्यातून दोनदा येतात आणि आक्काबाईंचं तेवढं वाचून घेतात. तिसऱ्या प्रकरणात आक्काबाई म्हणतात की सासू वाईट असेल तर मेंढरांमागं जावं, मेंढरं चहाडी करत नाहीत. ते मी वाचलं तर केरबा हळूच माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्याबद्दल नाय." मी म्हटलं, माहीत आहे, माझ्याकडं मेंढरं नाहीत.

सत्यमचा फोन आला होता. एवढा वेळ लॅपटॉपवर काय करतेस म्हणाला. सांगितलं. तो आणून द्यायचा त्या चहाचंही. मग म्हणाला, चहाचं मी विसरलो होतो. मी म्हटलं, तूच पाठवलेल्या यंत्रावर चालू आहे, तेवढं पुण्य घे. मुलगा माझा आहे, मी त्याला टाकणार नाही. तुलाही नाही. दोन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात. टाकीत पाणी असलं म्हणजे झालं.

आता ऋणनिर्देश. मला त्यात घालू नकोस. काय लिहिणार? 'माझ्या सासूबाई' लिहिलंस तर खोटं. 'माजी सासूबाई' लिहिलंस तर मी विद्यापीठात येऊन ते पान फाडीन; ती काय निवडून आलेली असते की माजी व्हावी? 'टंकलेखन : सत्यभामा' असं लिहायचं तर मी झेरॉक्सच्या दुकानात बसलेली नाही. लोक विचारतील, ही कोण, आणि तुला सांगत बसावं लागेल. तेव्हा मोकळं सोड. मायना मोकळा सोडतेस तसंच.

तेल लावते. भामाबाई लावते, म्हणजे मी तक्रार करते आणि ती लावते.

सत्यभामा


लातूर
१६ सप्टेंबर २०१६

सप्रेम नमस्कार.

प्रबंध मुदतीत दिला हे फोनवर सांगितलंच होतं. आता बांधलेली प्रत हातात आली आहे. निळं कापड, वर सोनेरी अक्षरं. एक बाबांना पाठवली. त्यांनी ती घोंगड्यात गुंडाळून ठेवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात धुऊन ये म्हणतात. इथं पावसानं मांजरा नदी भरून चाललीय. मालकीणबाईंनी टाकीचं कुलूप काढलं, पण किल्ली गळ्यातच आहे.

एक किस्सा सांगायचा राहिला. जुलैत छापायच्या आधी मॅडमनी सगळी पानं नजरेखालून घातली. अर्पणपत्रिकेच्या पानाशी थांबल्या. म्हणाल्या, अगं, इथं फॉन्ट बिघडलाय, हे एवढं मराठीत कर. मी म्हटलं, मॅडम, ते मराठीतच आहे. छापणाऱ्यानंही दोनदा फोन केला. शेवटी बाइंडिंगवाला म्हणाला, ताई, एक पान वाया गेलंय, बदलून देऊ का? मी सगळ्यांना एकच सांगितलं, ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचता येतं.

ऋणनिर्देशात तुम्ही नाही. तुम्ही सांगितलंत तसं. कोणी काही विचारणार नाही.

तुमची प्रत स्वतंत्र पाठवते आहे. अर्पणपत्रिकेच्या पानाची छायाप्रत मात्र या पत्रासोबतच जोडते, कारण पार्सलला वेळ लागेल आणि मला धीर नाही. पान कोरं आहे. मधोमध एवढंच आहे :

vkbZ

टंकलेखन मीच केलं. तपासून कळवा.

अक्षदा


औरंगाबाद
२३ सप्टेंबर २०१६

चि. अक्षदा,

पान मिळालं. टेबलावर बोटं ठेवून तपासलं. पुन्हा तपासलं. भामाबाई विचारते, बाई, एका शब्दाला एवढा वेळ?

चूक नाही.

दसऱ्याला ये. या वेळी विद्यापीठातून परस्पर परत गेलीस तर बघ. पोळपाट तू ठेवला होतास तिथंच आहे.

आई